अर्ध्या तोंडाला उजेड

बार्शीहून पुण्याला माणसे शिकायला जातात, नोकरीला जातात, फ्लॅट बघायला जातात आणि परत येऊन तिथल्या रहदारीबद्दल बोलतात. मी गेल्या वर्षी तीन वेळा पुण्याला गेलो तो एका दातासाठी. वरचा, समोरचा, डावीकडचा. रहदारीबद्दल मी काही सांगणार नाही. ती आहे.

आधी दाताची हकिकत सांगायला हवी, नाहीतर पुढचे काही कळणार नाही. मी निवृत्त होईपर्यंत हायस्कुलात मराठी शिकवले. शिवाय आमच्या तालुक्यात बौद्ध पद्धतीने लग्ने लावण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे. वंदना म्हणायची, वधूवरांकडून प्रतिज्ञा म्हणवून घ्यायच्या आणि मंडपातल्या पोरांना गप्प बसवायचे. तिसरे काम शाळेमुळे सोपे जाते. पण मध्यंतरी हिरड्या सुजू लागल्या, सकाळी थुंकीत रक्त दिसू लागले आणि समोरचा दात हलायला लागला. हलत्या दाताचा पहिला मार 'स'ला बसतो. 'त' आणि 'द' कसेबसे निभावून नेतात, 'स'मधून मात्र शिट्टी वाजते. आमच्या वंदनेत 'स' जागोजागी आहे. मी 'बुद्धं सरणं' म्हटले की पुढच्या रांगेतली पोरे कुकर कुठे लावलाय ते बघायला मागे वळायची.

त्यातच माझ्या मुलीचे, प्रज्ञाचे, लग्न ठरले. मुलगा पुण्याचा, कॉम्प्युटरवाला. लग्नही पुण्यातच. तिने एकच अट घातली, "पप्पा, लग्न तुम्हीच लावायचं. दुसरं कुणी नको." मी नुसते "हो" म्हटले. त्यात 'स' नाही.

बार्शीच्या दातांच्या डॉक्टरांनी दात हलवून पाहिला आणि ते म्हणाले, काढून टाकू, खोटा बसवू. खोट्या दाताने स्पष्ट बोलायला जिभेला किती दिवस लागतील, असे विचारल्यावर म्हणाले, "सहा महिने धरा." लग्न पाच महिन्यांवर होते. लहानपणापासून ऐकत आलेला माझा 'स' मुलीला तिच्या लग्नात धड ऐकू यावा, एवढीच माझी इच्छा होती. ती फार मोठी आहे असे मला तेव्हा वाटले नव्हते.

मग पुतण्याचा, सिद्धार्थचा, फोन आला. तो कोथरूडला राहतो. पुण्यातल्या एका दंतमहाविद्यालयात हिरड्यांवर उजेडाने उपचार करून बघण्याचा अभ्यास चालू आहे आणि त्यांना माणसे हवी आहेत, असे त्याने कुठेतरी वाचले होते. "काका, ट्राय करायला काय जातं?" तो म्हणाला. काय जाते ते मला माहीत होते, पण तो दात तसाही जाणारच होता.

कोथरूड

सिद्धार्थचा फ्लॅट सातव्या मजल्यावर आहे. आमच्या गल्लीत पिशवी घेऊन निघालो तर कोपऱ्यापर्यंत तीन जण विचारतात, कुठे, कशाला, कधी येणार. कोथरूडला लिफ्टमध्ये माणसे मजल्यांच्या आकड्यांकडे बघत उभी राहतात, जणू काही त्यात निकाल लागायचा आहे. पहिले दोन दिवस मला बरे वाटले. तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारावे असे वाटू लागले.

सकाळी सिद्धार्थने ओट्स दिले. चमचा तोंडात गेल्यावर ओळख पटली. आमच्याकडे आजाऱ्याला देतात त्या पेजेला इथे पाकीट आणि इंग्रजी नाव मिळाले आहे. दात हलणाऱ्या माणसाने तक्रार करू नये म्हणून मी वाडगा संपवला आणि पिशवीतली कडक भाकरी व शेंगांची चटणी नुसती बघून परत ठेवली.

आणखी एक. बार्शीत मी 'सर' आहे. जुने लोक 'गुरुजी' म्हणतात. पुण्यात पाय ठेवल्यापासून मी सगळ्यांचा काका झालो. रिक्षावाला काका म्हणाला, वॉचमन काका म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी दंतमहाविद्यालयात ज्यांच्या हाती माझे तोंड जाणार होते त्या डॉ. मैथिलीही पहिल्याच वाक्यात म्हणाल्या, "या काका, बसा."

दंतमहाविद्यालय

तिथे एका लांबलचक खोलीत खुर्च्यांची रांग आहे आणि प्रत्येक खुर्चीत कोणीतरी आ वासून आहे. डॉ. मैथिली वयाने प्रज्ञाएवढ्या. पुढच्या पदवीसाठी हा अभ्यास करत होत्या आणि तो त्यांचा प्रबंध होता. समजावून सांगण्याची त्यांना हौस होती. माझ्या वर्गात अशी मुलगी पहिल्या बाकावर असायची.

"बघा काका, आधी आपण दोन्ही बाजू नीट खरवडून क्लीन करणार. मग हिरडीच्या आत एक निळा रंग सोडणार. तो जंतूंना चिकटतो. त्यावर लाल लाइट टाकला की रंग कामाला लागतो आणि जंतू मरतात. नुसत्या लाइटनं काही होत नाही, नुसत्या रंगानंही फारसं नाही. दोघं एकत्र लागतात."

"चांगलं आहे," मी म्हटले.

"पण हे एकाच बाजूला करायचं. दुसरी बाजू नुसती क्लीन. म्हणजे तुलना होते. माणूस तोच, जेवण तेच, सवयी त्याच. फरक फक्त लाइटचा."

संमतीचा कागद मराठीत होता. त्यात आम्हाला 'विषय' म्हटले होते. 'विषयास अभ्यासातून केव्हाही बाहेर पडता येईल', वगैरे. मी त्यांना म्हटले, "मी आयुष्यभर विषय शिकवला. विषय व्हायची ही पहिलीच वेळ. इथं 'सहभागी' हवं."

"बरोबर आहे काका, पण कमिटीनं मंजूर केलंय. आता बदलता येत नाही."

चूक एकदा मंजूर झाली की ती चूक राहत नाही, हे मला शाळाखात्यात असतानाच कळले होते. मी विषय म्हणून सही केली.

कोणत्या बाजूला उजेड द्यायचा हे ठरवायला डॉ. मैथिलींनी एप्रनच्या खिशातून नाणे काढून उडवले. एवढी यंत्रे, एवढे दिवे, आणि शेवटी छापा-काटा. मी जरा खट्टू झालो. आमच्या गल्लीतले क्रिकेट तरी याहून काय वेगळे चालते? छापा पडला. उजवी बाजू. माझा हलणारा दात डावा.

समोरचे दोन दात शेजारी शेजारी असले तरी त्यांच्यामधून सीमा जाते, हे तेव्हा कळले. उजव्याला उजेड, डाव्याला नाही.

"बाजू बदलून नाही का चालणार?" मी विचारले. "माझा दात डावीकडं आहे. मुलीचं लग्न आहे."

त्यांचा चेहरा पडला. "तसं केलं तर अभ्यासच राहत नाही, काका. सहा महिन्यांनी शेवटची तपासणी झाली की डावीलाही देणार आहोत. नक्की."

लग्न पाच महिन्यांवर होते. शिक्षक म्हणून मला त्यांचे म्हणणे पूर्ण पटले. दाताचा मालक म्हणून अजिबात पटले नाही. तरी बसलो, कारण बार्शीला जाऊन दात काढून घेण्यापेक्षा हे बरे होते.

शेजारच्या खुर्चीत पुण्याजवळच्या मांजरी गावच्या शेवंताबाई होत्या. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि खुर्चीला टेकवून ठेवलेली उसाची मोळी. मांजरीला त्यांचा ऊस आहे आणि रिकाम्या हाताने डॉक्टरकडे जायचे नाही, ही त्यांच्या घरची रीत. त्या खोलीत त्या दिवशी ऊस चावू शकेल असा एकही पेशंट नव्हता.

डॉ. मैथिलींनी त्यांना विचारलेले मला स्वच्छ ऐकू आले. "आजी, तंबाखू खाता का?"

"न्हाय."

"विडी, सिगारेट?"

"आगं बया! न्हाय गं."

त्यांचे नाव अभ्यासात लागले. तंबाखूवाले नको होते. शेवंताबाईंचे दात चांगले काळसर होते, पण उत्तर सरळ होते आणि नंतर कळले की खरेही होते.

मग हिरडीत बारीक सळई घालून खोली मोजायचे काम झाले. डॉ. मैथिली आकडे बोलायच्या आणि एक मुलगी लिहून घ्यायची. तीन, तीन, पाच, सहा. जितका आकडा मोठा तितकी हिरडी वाईट. माझा डावा दात वर्गात पहिला आला. त्यानंतर खरवडणे झाले, त्याचे वर्णन करत नाही. मग निळा रंग, मग डोळ्यांवर काळा चष्मा, आणि हिरडीत लाल उजेडाची सुतळीएवढी जाड दांडी शिरली. दुखले नाही. काहीच वाटले नाही. काही वाटले नाही याचेच वाईट वाटले. एवढ्या लांबून आलो होतो.

संध्याकाळी सिद्धार्थच्या लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ भेटले. आकड्यांकडे बघायचे सोडून ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. ओठ, हिरड्या, जिभेचे टोक, सगळे निळे होते.

"पेन चावायची सवय शाळेपासूनची का हो?" त्यांनी विचारले.

"शिक्षक होतो," मी म्हटले. "मुलांची पेनं असतील."

ते गंभीरपणे मान हलवून चौथ्या मजल्यावर उतरले. पुण्यात मला कुणीतरी काही विचारले याचा मला इतका आनंद झाला की मी ते सिद्धार्थला दोनदा सांगितले. त्याने माझ्या तोंडाचा फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला होता. "काका, आता तुम्ही ऑफिशियली ब्ल्यूटूथ," तो म्हणाला. आमच्या विहारातल्या मित्राला तोच फोटो गेला. त्याचा फोन आला, "सर, जयंतीला अजून वेळ आहे. आत्तापासून रंगायला लागलात?"

बार्शी, मधले दिवस

निघताना डॉ. मैथिली म्हणाल्या होत्या, "ट्रीटमेंट घेतलीय ना, आता दुसरं काही करायचं नाही. फक्त ब्रश."

मी मराठीचा शिक्षक. वाक्याचा अर्थ लावणे हा माझा धंदा. ट्रीटमेंट उजवीने घेतली होती. म्हणजे दुसरे काही करायचे नाही ते उजवीला. डावीबद्दल त्या काही बोललेल्या नव्हत्या.

माझ्या वर्गात जी मुले शिकवणीला जायची त्यांची मी कधी काळजी केली नाही. ज्यांना कोणी नाही त्यांना शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायचो. डाव्या बाजूचे तेच केले. रोज सकाळी हळद-मीठ, फक्त डावीकडे. दुपारी तिळाचे तेल तोंडात धरून मान डावीकडे कलती करून बसायचे. रात्री लवंग. घास उजवीने चावायचा, म्हणजे डावीला विश्रांती. बायको म्हणायची, "मान दुखतीये का?" मी खुणेने नाही म्हणायचो, कारण तोंडात तेल असायचे.

तीन महिन्यांत डावा दात बराच शांत झाला. शिट्टी पूर्ण गेली नव्हती, पण कुकरचा आवाज जाऊन ती चहाच्या किटलीवर आली होती. मला फार अभिमान वाटला.

पुन्हा दंतमहाविद्यालय

दुसऱ्या फेरीत डॉ. मैथिलींनी सळई घालून मोजले, मग पुन्हा मोजले. "दोन्ही बाजू सारख्याच सुधारल्यात," त्या स्वतःशीच म्हणाल्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "मग लाइटचा फायदा काय?"

मला वाईट वाटले. गैरसमज दूर करावा म्हणून मी सगळे सांगितले. हळद, मीठ, तेल, लवंग, मान. अगदी शेवटी म्हटले, "उजवीला मात्र हात लावला नाही. तुमचं काम तुमच्याकडं."

डॉ. मैथिलींनी लिहिणाऱ्या मुलीला थांबायची खूण केली. त्यांच्या हातातली सळई हळूच खाली गेली.

तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून शेवंताबाई उठून बसल्या. आमचे सगळे त्यांनी ऐकले होते. "गुरुजींनी बराबर केलं, डॉक्टरीणबाई. म्या बी तसंच केलं. तुमी लाइट मारलेल्या अंगाला म्या मिशरीचं बोट बी न्हाय लावलं. दुसऱ्या अंगालाच लावती."

"मिश्री?" डॉ. मैथिली म्हणाल्या. "आजी, मिश्री म्हणजे तंबाखू! मी विचारलं होतं तुम्हाला!"

"तुमी इचारलं, खाता का. खाती कुठं म्या? मिशरी खात्यात व्हय? लावत्यात."

मिश्री म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूची पूड. दातांना लावतात, हे खरेच. क्रियापद चुकले होते. प्रश्न कोथरूडचा होता आणि उत्तर मांजरीचे, आणि दोन्ही आपापल्या जागी शुद्ध होती. व्याकरणाचा माणूस म्हणून मी शेवंताबाईंच्या बाजूने होतो, पण डॉ. मैथिली आता स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. मला एकदम प्रज्ञा आठवली. दहावीला भूमितीचा पेपर देऊन आली तेव्हा अशीच बसली होती. आम्ही दोन म्हाताऱ्यांनी आपापल्या परीने सभ्यपणा करून एका पोरीच्या अभ्यासाचा विचका केला होता. माणूस तोच, सवयी त्याच, असे त्या म्हणाल्या होत्या. सवयी आम्ही अर्ध्या-अर्ध्या वाटून घेतल्या होत्या.

त्यांचे मार्गदर्शक येऊन गेले. जाताना ते फक्त म्हणाले, "दोघांनाही वगळा." मुलांना नापास करताना मला असे दोन शब्दांत कधी जमले नाही.

डॉ. मैथिलींनी नाक पुसले आणि माझ्याकडे बघितले. "काका, लग्न कधी आहे?"

"दोन महिन्यांनी."

"आता तुम्ही अभ्यासात नाही. म्हणजे डावीला लाइट द्यायला मला कुणी अडवू शकत नाही." आणि त्यांनी निळा रंग उघडला.

काळा चष्मा लावून पडल्यावर मी दिलगीर आहे असे म्हणायचा प्रयत्न केला, पण तोंडात दांडी होती. त्या म्हणाल्या, "बोलू नका काका." त्यांच्या आवाजात तेवढा राग नव्हता. शेवंताबाईंना मात्र त्यांनी बजावले, मिश्री पूर्ण बंद, मग पुढचा उपचार. "दोन्ही अंगाची?" शेवंताबाईंनी विचारले. "दोन्ही." शेवंताबाईंनी असा सुस्कारा सोडला की रांगेतली दोन तोंडे मिटली.

मांजरी

दोघेही नापास झाल्यामुळे शेवंताबाईंना माझ्याबद्दल जिव्हाळा वाटू लागला. जेवायला नेल्याशिवाय त्या ऐकेनात. मांजरीला त्यांचे घर, घरामागे उसाचा उरलेला पट्टा आणि पट्ट्याच्या टोकाला बारा मजली इमारत. "ती बी आमच्याच रानात हाय," त्या म्हणाल्या. "आधी लावणीचा ऊस व्हता तितं." बाल्कन्यांत कपडे वाळत होते आणि खाली तुरे हलत होते. इमारतीतल्या बायका वरून बघतात आणि ऊस पेटवून तोडत नाहीत ना असे विचारतात, म्हणून त्यांना राग होता. "राखेनं कापडं खराब व्हत्यात म्हणं."

जेवायला वांग्याचे भरीत, बाजरीची भाकरी आणि ताक. त्यांनी भाकरी ताकात कुस्करून दिली, न विचारता. पुण्यात खाल्लेले ते सगळ्यात चांगले जेवण. नंतर ऊस नव्हे, रस. माझे ओठ निळे होते, पेल्याच्या कडेला निळी खूण उमटली. त्यांनी ती बघितली आणि पेला बाजूला ठेवला. मला क्षणभर जुनी सवयीची शंका आली, की आता हा पेला वेगळा ठेवणार. त्या म्हणाल्या, "नातीला दावते. तिला निळा रंग लई आवडतो." मला माझ्या शंकेची लाज वाटली आणि बरेही वाटले.

निघताना मी दोघींना, त्यांना आणि फोनवरून डॉ. मैथिलींना, लग्नाचे आमंत्रण दिले.

लग्न

तिसऱ्या फेरीत सिद्धार्थने पहाटे मार्केट यार्डातून पांढरी फुले आणली. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ भेटले. त्यांचे ओठ निळे होते. सिद्धार्थने त्यांना अभ्यासातल्या आमच्या रिकाम्या जागेवर पाठवले होते, हे मला माहीत नव्हते.

"पेन कोणतं?" मी विचारले.

"तुमच्याच दुकानातलं," ते म्हणाले. "आणि मला सांगून ठेवलंय, हळद लावायची नाही."

हॉल भरला होता. प्रतिमांपुढे मेणबत्त्या लागल्या. प्रज्ञा पांढऱ्या साडीत समोर बसली होती आणि ती माझ्याकडे बघत नव्हती, कारण बघितले असते तर रडली असती. ती आईवर गेली आहे. तिसऱ्या रांगेत डॉ. मैथिली आणि त्यांच्या शेजारी शेवंताबाई. शेवंताबाईंच्या मुठीत बडीशेपेची पुडी होती आणि जबडा सारखा चालू होता. मिश्री सुटली होती.

सकाळी खोलीचे दार लावून मी दहा वेळा 'सरणं' म्हणून पाहिले होते. शिट्टी नव्हती. जिभेने दात दाबून पाहिला. भिंतीसारखा घट्ट नव्हता, पण जागचा हलत नव्हता.

मी वंदना सुरू केली. 'नमो तस्स' तिन्ही वेळा नीट गेले, 'बुद्धं'ही गेले. मग 'सरणं' आले. जीभ वर गेली, दाताला टेकली, दात घट्ट होता, आणि शब्द बाहेर येईना. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा नाही. पुढच्या रांगेतल्या पोरांनी माना वर केल्या. सिद्धार्थने पाण्याची बाटली उचलली. प्रज्ञाने पहिल्यांदाच माझ्याकडे बघितले, आणि मग तर काहीच फुटेना. माझे सगळे नातेवाईक माझ्या तोंडाकडे बघत होते. माझ्या दाताची हकिकत सगळ्यांना पाठ होती.

तिसऱ्या रांगेत डॉ. मैथिली घाबरून अर्ध्या उठल्या. शेवंताबाईंनी त्यांचा हात धरून खाली ओढले. आवाज हळू ठेवायची त्यांना सवय नाही. सगळ्या हॉलला ऐकू गेले.

"बसा खाली, डॉक्टरीणबाई. दाताचं न्हाय ते. लेकीचं हाय."